बाबांचा दिवा आणि माझे बारा व्होल्ट

कॅमेरा खराब नव्हता. हे आधीच लिहून टाकते, कारण पुण्याला पाठवलेल्या पत्रात मी नेमकं उलटं लिहिलं होतं, आणि तेही छातीठोकपणे. जन्मभर मुलींना फिजिक्स शिकवलं, त्यांच्या वह्यांवर "आधी मोजा, मग बोला" असं लाल शाईनं लिहीत आले, आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा न मोजता बोलले. त्याची लाज वाटते. पण लाजेपेक्षा संताप जास्त आहे, तेव्हा तो ज्याच्यावर आहे त्याच्याबद्दलच सांगते.

आमचं घर काशीला, मंगला गौरीच्या गल्लीत, पंचगंगा घाटाच्या वरच्या अंगाला. खाली धाकटा भाऊ आणि भावजय, वर मी. मी लग्न केलं नाही, भाऊ बँकेतून निवृत्त झालेला. घरात आम्ही मराठी बोलतो, म्हणजे आम्ही तिला मराठी म्हणतो. पुण्याचे लोक ऐकून हसतात, कारण आमच्या घराला गच्ची नसते, छत असते, आणि छतावर माकडं येत नाहीत, बंदर येतात. त्या बंदरांपायी सगळ्या छताला लोखंडी जाळी घातलेली आहे. एका कोपऱ्यात जाळी सरकवून मी माझी दुर्बीण लावते.

निवृत्तीनंतर हे वेड लागलं. पुण्याच्या एका हौशी मंडळाशी पत्रव्यवहार सुरू झाला, आणि मागच्या वर्षी पावसाळ्याच्या शेवटी त्यांनी मला एक कॅमेरा वापरायला दिला. साधासुधा नाही. आतली प्रकाश टिपणारी चकती स्वतःच थंड करून घेणारा, ताऱ्याचा उजेड दर मिनिटाला मोजणारा. माझ्या वाट्याला एक तारा आला. दिसतो एक, आहेत दोन, एकमेकांभोवती फिरणारे. एक दुसऱ्याच्या आड आला की उजेड उतरतो. तो किती उतरतो आणि किती वेळ, एवढंच मोजायचं. पण सलग. मधे खंड पडला की ती संध्याकाळ वाया. मंडळाची अट सरळ होती: हंगामभर नीट मोजमाप दिलंत तर कॅमेरा तुमच्याकडेच राहील, नाहीतर परत पाठवा, आम्ही दुसऱ्या कुणाला देऊ.

आणि इथला हंगाम तो केवढा! पावसाळा सरला की कार्तिकाचा एक महिना आभाळ धुतल्यासारखं असतं, मग कोहरा, म्हणजे दाट धुकं, उतरतो आणि महाशिवरात्रीपर्यंत चंद्रसुद्धा मळकट दिसतो. म्हणजे माझ्या हातात एक कार्तिक होता. बासष्टाव्या वर्षी मला कुणीतरी विज्ञानाचं खरं काम दिलं होतं. शाळेत कुणी दिलं नाही, युनिव्हर्सिटीत मिळालं नाही, ते आता मिळालं होतं. मला तो कॅमेरा हवा होता. लहान मूल जत्रेत अडून बसतं तसा हवा होता, उगाच खोटं कशाला बोलू?

त्याच वर्षी उन्हाळ्यात बाबा गेले. काशीत कार्तिकभर, म्हणजे शरद पौर्णिमेपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत, पितरांसाठी आकाशदीप लावतात. उंच बांबूच्या टोकाला वेताची टोपली, तिच्यात दिवा, आणि संध्याकाळी तो दोरीनं वर चढवायचा. बाबा आपल्या वडिलांसाठी दर वर्षी लावत. आता बाबांसाठी लावायची पाळी आमची आली. भावानं ते आपल्या अंगावर घेतलं. तेलाचा दिवा पहिल्याच दिवशी बंदरांनी टोपलीसकट लोळवला. मग त्यानं आतमध्ये बल्ब लावायचं ठरवलं.

मी म्हटलं, "एलईडी लाव, काही खात नाही."

"एलईडी जळत नाही ताई, तो नुसता चमकतो," तो म्हणाला. "बाबांना थंड दिवा दाखवू? तार तापून लाल होते तो बल्ब हवा. त्यात निदान अग्नी तरी आहे."

धर्मशास्त्रात असं कुठं लिहिलंय ते देव जाणे, पण मला ते पटलं. बाबांनाही पटलं असतं. तेही प्रत्येक नव्या वस्तूला असंच काहीतरी जुनं कारण शोधून घरात घेत. भावानं जुन्या स्कूटरच्या हेडलाइटचा बल्ब बसवला. स्कूटरचीच बॅटरी जिन्याखालच्या कपाटात ठेवली आहे, तिच्यावर चालतो, असं मला सांगितलं. माझ्या दुर्बिणीच्या बाजूला पत्र्याची झडपही लावून दिली, उजेड यायला नको म्हणून. एवढी काळजी घेणारा भाऊ! मी शेजारणीला कौतुकानं सांगितलं होतं.

पहिल्या दोन संध्याकाळी कॅमेरा मुकाट चालला. तिसऱ्या संध्याकाळी अर्ध्या तासात बंद पडला. चित्रावर आडवे पट्टे आले, मग लॅपटॉप म्हणाला कॅमेरा सापडत नाही. पुन्हा जोडला, पुन्हा चालला, चकती थंड व्हायला लागली आणि पुन्हा गेला. चौथ्या दिवशी तेच. पाचव्या दिवशी तेच.

थंड होताना जातो म्हणजे करंट कमी पडतोय, एवढं तर मी नववीच्या मुलीकडूनही वदवून घेतलं असतं. त्या कॅमेऱ्याला बारा व्होल्ट लागतात. अकराच्या खाली उतरलं की तो रुसतो. माझ्याकडे पुरवठ्याचा एक डबा होता, आत बॅटरी आणि तिला सतत भरत राहणारा चार्जर, म्हणजे इथली बत्ती गेली तरी कॅमेरा चालू. डबा जिन्याच्या खोलीत, बंदरांच्या भीतीनं चारी बाजूंनी स्क्रूनं बंद. तिथून वायर छतावर.

मी मल्टीमीटर घेऊन बसले. दुपारी कॅमेरा लावून मोजलं, डब्यापाशी साडेबाराच्या वर, कॅमेऱ्याच्या टोकाला बारा. उत्तम. संध्याकाळी चालू कॅमेऱ्यावर मोजलं, डब्यापाशी अकराला टेकलेलं, कॅमेऱ्याच्या टोकाला साडेदहा. म्हटलं वायर बारीक आहे, वाटेत व्होल्ट खाते. दुप्पट जाडीची तांब्याची वायर आणली आणि निम्मी लांबी ठेवली. वाटेतली गळती कमी झाली, पण डब्यापाशीच अकरा असेल तर वायर बिचारी काय करणार? पिन घासून चकचकीत केली. काचेवर दव जमू नये म्हणून लावलेला गरम पट्टा काढून ठेवला. त्यानं दहा मिनिटं जास्त मिळाली, आणि काचेवर दव जमलं ते वेगळंच.

भाऊ रोज संध्याकाळी वर यायचा. बल्ब लावायचा, हात जोडायचा, आणि मग माझ्याजवळ येऊन बसायचा. टॉर्च धरायचा. मी आकडे सांगायचे, तो वहीत लिहायचा. बँकेतलं सुरेख अक्षर त्याचं.

"बंदरांनी कुठंतरी वायर ओढली असणार," तो एकदा म्हणाला. मी सगळी वायर बोटांनी चाचपत पाहिली. कुठं ओरखडा नाही.

"मग मेन लाइनच बसत असेल ताई. कार्तिकात सगळे घाट पेटलेले, व्होल्टेज उरणार कुठून?" मी मेन लाइन मोजली. थोडी बसत होती, पण चार्जरला त्यानं काही फरक पडायला नको होता. तरी त्याचं म्हणणं ऐकून मी स्टॅबिलायझर आणला. काही उपयोग झाला नाही.

मग म्हटलं, बॅटरीच म्हातारी झाली. नवी आणली. डबा उघडायला स्क्रू ड्रायव्हर घेतला तर भावानं हातातून काढून घेतला.

"तू वजन उचलू नकोस. तुझी कंबर मागच्या महिन्यातच धरली होती. मी बसवतो."

मला किती बरं वाटलं सांगू! मी खाली चहा करायला गेले. आलं घालून, त्याला आवडतो तसा. तोवर त्यानं नवी बॅटरी बसवली आणि चारी स्क्रू पुन्हा घट्ट आवळून टाकले. पुढच्या दोन संध्याकाळी कॅमेरा तासभर जास्त टिकला आणि मग आला पुन्हा मूळ पदावर.

इकडे दिवस चालले होते. पुण्याहून विचारणा आली, तुमचं मोजमाप तुटक का येतंय? मी रात्री पडल्या पडल्या डोक्यात सर्किट काढायचे. खरं सांगते, मला स्वतःचाच संशय यायला लागला. हात थरथरतात का? काही विसरतेय का? बाबांना शेवटी शेवटी गॅस बंद केला की नाही ते आठवायचं नाही. माझंही सुरू झालं की काय? भावजयीला मी हे बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, "वन्सं, काहीतरीच काय बोलता?" आणि पदरानं हात पुसत आत गेली. भाऊ तिथंच पेपर वाचत होता. त्यानं पान उलटलं.

कार्तिकाचे पंधरा दिवस उरले तेव्हा भाऊच म्हणाला, "ताई, किती जीव जाळशील? तू सगळं बदलून पाहिलंस. वायर बदलली, बॅटरी बदलली. आता उरलं काय? कॅमेराच. पाठवून दे परत. लिही की माल खराब आहे."

तर्क बिनचूक होता. सगळं बदलून झालं की जे उरतं ते दोषी. मीच शिकवलेला तर्क. मी पत्र लिहिलं: कॅमेऱ्यात दोष आहे, थंड होताना वाजवीपेक्षा जास्त करंट ओढतो, कृपया तपासावा. भावानं खोकं आणलं, थर्माकोल कापला, कॅमेरा माझ्या जुन्या शालीत गुंडाळला आणि चिकटपट्टी लावली. पत्ताही त्याच्याच सुरेख अक्षरात. कुरिअरवाल्याच्या हातात देताना तो म्हणाला, "जपून हं भइया, नाजूक चीज आहे."

सातव्या दिवशी पुण्याहून उत्तर आलं. कॅमेरा ठणठणीत आहे. तीन संध्याकाळी चालवून पाहिला, एकदाही बंद पडला नाही, करंटही बरोबर. तुमच्याकडे पुरवठ्यात काही गडबड असावी. हंगाम थोडाच उरल्यामुळे कॅमेरा आता दुसऱ्या सदस्याकडे दिला आहे. राग मानू नये.

त्याच संध्याकाळी वर गेले. म्हटलं डबा तरी बंद करून ठेवावा, आता त्याचं काय काम? जिन्याच्या खोलीत वाकून हात लावला आणि हात तसाच राहिला.

डबा गरम होता. आतला पंखा घरघरत होता.

आठवडा होत आला होता त्याला काही जोडून. कॅमेरा नाही, पट्टा नाही, लॅपटॉप नाही. काही न ओढणारा डबा थंडगार पडून राहायला हवा. म्हणजे कुणीतरी ओढत होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. पंधरवडाभर मी व्होल्ट मोजत बसले होते, तेही माझ्याच टोकाला. डब्यातून एकूण किती करंट जातोय ते एकदाही मोजलं नव्हतं, कारण ओढणारं माझ्याशिवाय कुणी आहे हे मनातच आलं नाही.

स्क्रू काढले. कंबर गेली खड्ड्यात. झाकण उचललं. बॅटरीच्या दोन्ही टोकांवर माझ्या वायरच्या खाली आणखी एक जोडी होती, लाल आणि काळी. सोल्डरिंग इतकं सुबक होतं, वर प्लास्टिकची नळी तापवून बसवलेली, की मला क्षणभर माझंच काम वाटलं. त्याला ते मीच शिकवलं होतं, तो कॉलेजात असताना, रेडिओ उघडून. वायर भिंतीच्या कडेनं, पत्र्याच्या खालून, चुन्याचा हात मारून लपवलेली, छतावर गेली होती. तिच्या मागे मागे मीही गेले. बांबूपाशी पोचले. वर टोपलीत बाबांचा दिवा जळत होता, पिवळा, अगदी स्थिर. मीटर लावून पाहिला, तीन अँपिअर. माझ्या कॅमेऱ्याला लागायचे तेवढेच. दोघांना पुरेल एवढा तो डबा नव्हताच. रात्री दिवा बॅटरी रिकामी करायचा, दुपारपर्यंत चार्जर ती भरायचा, आणि दुपारी मोजलं की सगळं आलबेल. कुंपणानंच शेत खाल्लं, आणि मी आपली बंदरांना शिव्या देत बसले होते.

माझ्या दुसऱ्या हातात वायर कापायची पक्कड होती. कापायलाच नेली होती. पण वर दिवा जळत होता आणि तो बाबांचा होता. मला कापता येईना. त्यानं चोरी अशा जागी नेऊन बांधली होती जिथं माझा हात उठणार नाही. त्या क्षणी मला त्याचा विलक्षण राग आला.

तेवढ्यात दिवा लावून खाली गेलेला भाऊ हात जोडायला परत वर आला. उघडा डबा त्यानं जिन्यातच पाहिला असावा.

"स्कूटरची बॅटरी दुसऱ्याच दिवशी मेली," तो आपणहून म्हणाला. "दिवा विझला ताई. पहिल्या वर्षी, बाबांचा दिवा विझला. समोरच्या छतावरून सगळे बघत होते. मी घाबरलो. तुझ्या डब्याची बत्ती कधी जात नाही."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तू नाही म्हणाली असतीस."

"मी दुसरी बॅटरी आणून दिली असती, गाढवा! नवी आणलीच ना मी? ती तुझ्या हातात दिली ना? तेव्हा तरी बोलायचंस!"

"तोवर उशीर झाला होता. कसं बोलणार?"

"आणि टॉर्च? रोज माझ्याजवळ बसून टॉर्च धरत होतास. मी म्हटलं माझं डोकं चाललंय बाबांसारखं, तेव्हा पेपर वाचत होतास. कॅमेरा तू बांधलास, माझ्या शालीत!"

त्यानं मान खाली घातली. रडतो की काय असं वाटलं मला, आणि रडला असता तर कदाचित मी विरघळलेही असते, मी काही दगड नाही. पण तो रडला नाही. म्हणाला, "आता कॅमेरा गेलाच आहे, तर पौर्णिमेपर्यंत दिवा इथंच राहू दे ना? कशाला हलवायचा?"

हे तो साळसूदपणे म्हणाला. सोयीचं होतं म्हणून म्हणाला. मला आजही डोळे मिटले की ते वाक्य जसंच्या तसं ऐकू येतं. मी "राहू दे" म्हटलं, कारण दुसरं काय म्हणणार होते? बाबा त्याचे तसे माझेही.

पण पुण्याला खरं कळायला हवं होतं. निर्दोष वस्तूवर मी आळ घेतला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी कागद आणि पेन त्याच्यापुढे ठेवलं. "तुझ्या अक्षरात लिही. करंट मी ओढत होतो, बहिणीची काही चूक नव्हती. दोन ओळी."

त्यानं पेनचं टोपण काढलं आणि पुन्हा लावलं. "त्या अनोळखी लोकांपुढे माझं नाव कशाला? मी अधिकारी होतो ताई. लोक काय म्हणतील?" भावजय दारात उभी होती. 'कसला करंट?' एवढंही तिनं विचारलं नाही, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की तिलाही पहिल्यापासून ठाऊक होतं.

शेवटी मीच लिहिलं. त्याचं नाव लिहायला बसले तर पेन पुढे सरकेना. आपलेच दात आणि आपलेच ओठ. सख्ख्या भावानं चोरून करंट घेतला आणि तोंडावर खोटं बोलत राहिला, हे पुण्याच्या माणसांना कसं सांगायचं? मी लिहिलं: आमच्या घरच्या जोडणीत चूक होती, ती माझ्या उशिरा लक्षात आली, कॅमेऱ्यावर ठेवलेला ठपका मी मागे घेते, क्षमस्व.

उत्तर फार सौजन्यानं आलं. मंडळाचे एक सर आहेत, माझ्या विद्यार्थिनींच्या वयाचे असतील. त्यांनी लिहिलं होतं, अशा चुका वयोमानानं होतात, मनाला लावून घेऊ नका. सध्या तुमच्याकडे काम देणं जमणार नाही, पण आमच्या सभांना जरूर या. आणि पुन्हा कधी यंत्र हाताळाल तेव्हा घरातलं एखादं जाणकार माणूस सोबत ठेवा.

मी ते पत्र जेवणाच्या टेबलावर ठेवलं. भावानं चष्मा लावून पूर्ण वाचलं, नीट घडी केली आणि माझ्याकडे सरकवलं. त्याच्या चेहऱ्यावर सुटका होती.

"बघ ताई," तो म्हणाला, "रागावले नाहीत ते."

"मी रागावलेय," मी म्हटलं.

"ते ठाऊक आहे गं. तू निवळशील."

भावजयीनं त्याच्या पानात वरण वाढलं, मग माझ्या पानात वाढायला आली. मी ताटावर आडवा हात धरला आणि वर निघून आले. या गोष्टीला दुसरा कार्तिक आला. मी अजून वरच जेवते.